कथेचे कूळ आणि कथेचे कर्म

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी आमच्याकडे विषय सोपविला तो असा : ‘प्रत्येकाने वाचाव्यात अशा अभिजात कथा’. इतिहासाच्या शिक्षकाकडे साहित्याचा विषय यावा, याचे कारण बहुधा इतकेच की आपल्या वसतिगृहात शनिवारी रात्री वंदनेनंतर जे कथावाचन होते, ते गेली अनेक वर्षे आमच्याकडे आहे. कथा निवडणे आम्हांस कठीण गेले नाही. अडखळलो ते ‘अभिजात’ या शब्दापाशी.

दि. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात प्राकृत, आसामी आणि बंगाली यांच्यासोबत पाली भाषेलाही तो दर्जा मिळाला. सकाळी आपली मुले ज्या भाषेत त्रिसरण-पंचशील म्हणतात ती पाली, आणि दुपारी ज्या भाषेत इतिहासाची उत्तरपत्रिका लिहितात ती मराठी, अशा दोन्ही भाषा एकाच दिवशी मानाच्या पंगतीत बसल्या. याचा आनंद आम्हांसही झाला. तथापि ‘अभिजात’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ शब्दकोशात पाहावा. अभिजात म्हणजे उत्तम कुळात जन्मलेला, कुलीन. ग्रंथाची थोरवी सांगण्यासाठीसुद्धा आपल्या भाषेला जन्माचाच दाखला आठवावा, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने नजरेआड करण्यासारखी नाही.

‘वसलसुत्ता’त हाच प्रश्न माणसांविषयी विचारला गेला आहे. श्रावस्तीत भिक्षेसाठी निघालेल्या भगवान बुद्धांना अग्गिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण हिणवून लांबच थांबायला सांगतो. तेव्हा तथागत त्याला शांतपणे समजावतात की मनुष्य जन्माने नीच वा उच्च ठरत नाही, कर्माने ठरतो. आणि दाखला देतात तो मातंग या चांडाळपुत्राचा. हाच निकष आम्ही कथांना लावतो. कथा कोणत्या घराण्यातील लेखकाने लिहिली, कोणत्या प्रतिष्ठित मासिकात छापून आली, हे तिचे कूळ झाले. वाचणाऱ्याचे ती काय करते, हे तिचे कर्म. पुढे ज्या कथा सुचवीत आहोत, त्या या कसोटीवर आमच्यासमोर, आपल्याच मुलांमध्ये, उतरलेल्या आहेत.

आरंभ जातककथांपासून करावा. पाली संग्रहात ५४७ जातके आहेत. आपल्या शेजारच्या गोव्यातील साखवाळचे सुपुत्र धर्मानंद कोसंबी आणि पुढे पालीचे प्राध्यापक व ‘चिमणराव’कार चिं. वि. जोशी यांनी जातकातील गोष्टी मराठीत आणल्या. ससा, हत्ती आणि माकड यांच्या गोष्टी मुलांना ठाऊक असतातच. आम्ही मोठ्या मुलांना ‘चित्तसंभूत जातक’ वाचून दाखवितो. अवंतीतील उज्जयिनीच्या वेशीपाशी चित्त आणि संभूत हे दोन चांडाळ भाऊ आपली कला दाखवीत असतात. उद्यानाकडे निघालेल्या श्रेष्ठीकन्येला आणि पुरोहितकन्येला ते दिसतात. अपशकुन झाला म्हणून त्या डोळे धुऊन माघारी फिरतात. त्यांच्यामागून मिळणारे खाणेपिणे बुडाले म्हणून चिडलेला जमाव या दोघांना बेदम मारतो. दोघे भाऊ ठरवितात की जातच लपवावी. ब्राह्मण म्हणवून घेऊन ते तक्षशिलेला जातात आणि शिकू लागतात. चित्त तर विद्येत पारंगत होतो. एके दिवशी एका गावात भोजनाचे निमंत्रण येते. संभूत निवली असे समजून गरम खिरीचा घास तोंडात घालतो, तोंड पोळते, आणि भानावर नसताना त्याच्या तोंडून घरची, चांडाळांची बोली बाहेर पडते. भाऊही त्याच बोलीत उत्तर देतो. पंगतीतले विद्यार्थी एकमेकांकडे पाहतात. पुढे काय झाले असेल, ते सांगावे लागत नाही. दोघांना मारून हाकलून देण्यात येते.

ही कथा प्रथम वाचली त्या रात्री आठवीतील एका मुलाने विचारले, “सर, तोंड भाजल्यावर कुठल्या भाषेत ओरडायचं, ते माणूस ठरवतो काय?” या प्रश्नावर आम्ही भाष्य केले नाही. आपल्याकडे येणारी मुले मालवणी बोलत येतात. तीतही वाडीवाडीचा हेल निराळा. वर्गात ती प्रमाण मराठी बोलायला शिकतात आणि खेळताना ठेच लागली की घरच्या बोलीत कळवळतात. तो प्रश्न त्यांच्याच जिभेवरचा होता.

चित्त-संभूतांच्या गोष्टीला विसाव्या शतकात दोन जोड मिळाल्या. पहिली गोष्ट म्हणजे सत्यघटना. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले संतप्त पारशी दाराशी उभे ठाकले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी ही हकीकत अत्यंत साध्या भाषेत लिहिली आहे. दुसरी जोड म्हणजे बाबुराव बागुल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा. याच नावाचा त्यांचा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण गुजरातमध्ये येतो आणि राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवितो. कवी म्हणून त्याचा मान होतो. रामचरण तिवारीसारखा माणूस त्याच्यापुढे नम्र होतो. त्याच ठिकाणी काशिनाथ हा दुसरा दलित कामगार जात न लपविता, अंगावर येईल त्याला शिंगावर घेत वावरत असतो. भेद फुटतो, कवीला मार बसतो आणि सोडवायला धावून येतो तो काशिनाथच. मारणाऱ्या माणसांविषयी द्वेष न धरता तो तरुण शेवटी त्यांच्या हातांमागे उभ्या असलेल्या मनूकडे बोट दाखवितो. तक्षशिला, बडोदे आणि रेल्वेची ती वसाहत, या तिन्ही ठिकाणी विद्या होती, गुण होते. आसरा मात्र खोट्या नावालाच मिळाला. या तीन गोष्टी एका आठवड्यात लागोपाठ वाचाव्यात. दोन हजार वर्षांहून अधिक काळाचा सामाजिक इतिहास त्यांतून जसा समजतो, तसा आमच्या विषयाच्या पाठ्यपुस्तकातून समजत नाही.

येथे एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे, कारण तो आपल्याच माणसांनी घेतला आहे. काही वर्षांपूर्वी पालक सभेत एक माउली उभी राहिली आणि म्हणाली, “सर, ह्यां सगळां पोरांक कित्याक सांगतास? आमी सोसलां तां पुरे झालां. तेंका तरी इसरांदे.” सभा शांत झाली. त्या बाईंचे म्हणणे चुकीचे होते, असे आम्ही आजही म्हणणार नाही. आपले मूल ताठ मानेने जगावे, कोणाच्या दयेचा विषय होऊ नये, याच हेतूने त्यांनी ते या शाळेत पाठविले होते. कथेतून मुलाच्या हाती नुसते रडगाणे पडणार असेल, तर ती कथा बंद करून ठेवलेली बरी.

परंतु विसरणे एकट्या आपल्या हाती नसते. आपला एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त एका मोठ्या शहरात गेला. खोली पाहायला गेल्यावर घरमालकाने आडनाव विचारले, मग गाव विचारले, मग “म्हणजे तुम्ही नेमके कोण?” असे विचारले. त्याने सांगितले. खोली मिळाली नाही. दुसरी मिळायला तीन आठवडे लागले. तोवर तो एका मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपला. हे सारे त्याने आम्हांस फोनवर सांगितले आणि पुढे म्हणाला, “सर, मला बागुलांची कथा आठवली. तोंडावर दुसरं आडनाव आलं होतं. पण म्हटलं, आपण काही चोरलेलं नाही.” बागुलांच्या कथेने त्याला खोली मिळवून दिली नाही. प्रश्न विचारणारा काय विचारतो आहे आणि लाज कोणी बाळगायची आहे, एवढे मात्र त्या उंबरठ्यावर त्याला उलगडले. त्या माउलीला देण्यासारखे याहून मोठे उत्तर आमच्यापाशी नाही.

बागुलांचीच ‘आई’ ही कथा आम्ही मुलांआधी शिक्षकांनी वाचावी असे सुचवू. वर्गात गुरुजी आईची थोरवी सांगणारी कविता रंगून शिकवीत आहेत. वस्तीतला पांडू तल्लीन होऊन ऐकतो आहे. इतक्यात वर्गातलाच एक मुलगा त्याच्या आईविषयी बोलतो आणि कवितेतली आई व घरातली आई यांच्यात तो पोर चिरडला जातो. विधवा, राबणारी, पोटासाठी आणि जगण्याच्या ओढीसाठी झगडणारी ती आई कोणत्याही कवितेत बसत नाही. फळ्याजवळ उभे राहून आपण सुंदर म्हणून जे वाचतो, ते शेवटच्या बाकावर कसे पोहोचते, याचा विचार ही कथा करायला लावते. बी.एड.च्या अभ्यासक्रमात ती असती तर पुष्कळ शिक्षकांचे भले झाले असते.

अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा वाचून दाखविताना आमच्या वर्गात कधीही कोणी चुळबुळ केली नाही. वारणेच्या खोऱ्यातून मुंबईला आलेला भीमा खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. घरात बायको आहे, लाडकी लेक आहे आणि चूल थंड आहे. तेव्हा हा धिप्पाड माणूस मसणवट्यातील राखेतून सोने शोधू लागतो. एका रात्री प्रेतासाठी कोल्ह्यांशी त्याची झुंज होते. शेवटी मृताच्या तोंडातील सोने काढताना त्याची बोटे त्या जबड्यात अडकतात. बोटे जातात, आणि बंद खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी कळते. आपल्या जिल्ह्यात जांभ्या दगडाच्या चिरेखाणी आहेत. त्या खाणींवर चिरे वाहणाऱ्यांची मुले आपल्या वसतिगृहात शिकत आहेत. पावसाळ्यात खाण थांबली की घरात काय होते, हे त्यांना कथेने शिकवावे लागत नाही. आपल्या बापाच्या हातांवर कोणी कथा लिहू शकतो, हे मात्र त्यांना प्रथमच कळते. अण्णा भाऊ दीड दिवस शाळेत गेलेले. शिक्षणाचा मान आपण राखतोच. तरीही त्यांची एक कथा वाचून झाल्यावर पदव्यांविषयी थोडे नम्र होणे आम्हां शिक्षकांस हिताचे असते.

वामन होवाळ यांची ‘मजल्याचं घर’ ही कथा तर प्रत्येक चाकरमान्याच्या घरात असावी. मुंबईच्या गोदीत उभी हयात घालवून निवृत्त झालेला बयाजी गावी परततो. पुंजीतून घर बांधायचे आणि तेही मजल्याचे, ही त्याची हौस. दलिताने आपल्या घरांइतके उंच घर बांधावे, हे गावातील पुढाऱ्यांना सोसत नाही. घर पेटते आणि त्यात बयाजी जातो. मरताना तो मुलांजवळ एवढीच इच्छा ठेवतो की घर मजल्याचे बांधा. दुःखाला पुरता उतार पडण्याआधीच मुले पायासाठी कुदळ मारायला लागतात. मुंबईतील बी.डी.डी. चाळीत वा गिरणगावात राहून भविष्य निर्वाह निधीच्या पैशांतून गावी चार भिंती उभारणाऱ्या आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांना या कथेतील कुदळीचा आवाज ओळखीचा वाटेल. गावी आल्यावर ती त्यांना वाचून दाखवा. आम्ही हे केले आहे. ऐकणारा माणूस मध्येच आपल्या घराची गोष्ट सांगू लागतो आणि पुस्तक बाजूला ठेवावे लागते.

आता आपल्या कोकणाच्या लेखिकेकडे येऊ. उर्मिला पवार रत्नागिरी जिल्ह्यातील फणसवळे या गावच्या. ‘आयदान’ (२००३) या त्यांच्या आत्मकथनामुळे त्या घरोघरी पोहोचल्या. परंतु त्याआधीच ‘सहावं बोट’ (१९८८) आणि ‘चौथी भिंत’ (१९९०) हे त्यांचे कथासंग्रह आले होते. मीनाक्षी मून यांच्यासमवेत त्यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहासही सिद्ध केला. इतिहासकार म्हणवणाऱ्यांनी जे काम करायचे होते, ते या दोघींनी पायपीट करून केले. त्यांच्या कथांतून ‘कवच’ निवडावी. आंबे विकायला बाजारात जाणारी आई, तिच्याशी दुहेरी अर्थाचे बोलणारे पुरुष आणि ते ऐकून आतल्या आत जळणारा तिचा शाळकरी मुलगा, एवढाच ऐवज. मुलाला वाटते की आईने हे ऐकू नये, बाजारात जाऊच नये. आई मात्र बाजार ओळखून आहे. तिची रोखठोक जीभ हेच तिचे कवच आहे. मुलींच्या वसतिगृहात ही कथा वाचली तेव्हा मुली मोकळेपणाने हसल्या आणि मुलगे खाली मान घालून बसले. दोन्ही गोष्टी आम्हांस योग्यच वाटल्या. कोळंबी-बांगड्यांची पाटी, काजूगर वा आंब्याची डाळी घेऊन बसणाऱ्या बायांच्या मुलांना आपल्या आईची लाज वाटण्याचे एक वय असते. ते वय लवकर सरावे यासाठी ही कथा उपयोगी पडते. आपल्या चळवळीतल्या पुरुषांनाही उर्मिलाताईंच्या कथा सोडत नाहीत, म्हणून त्या पुरुषांनी वाचणे अधिक गरजेचे आहे.

आपण फक्त आपल्यांचेच वाचावे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शिक्षकी करणारे वि. स. खांडेकर, वेंगुर्ल्याच्या मातीतील चिं. त्र्यं. खानोलकर आणि आरवलीचे जयवंत दळवी हे आपल्याच जिल्ह्याचे धन आहेत. खांडेकरांच्या रूपककथा लहान मुलांनाही उमजतात. खानोलकरांच्या कथांतील काळोख मात्र महाविद्यालयीन वयात वाचावा. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मधील ‘झेल्या’ ही शिक्षक आणि लोहाराचा पोर यांची गोष्ट आमच्या वर्गात दरवर्षी होते. प्रेमचंदांची ‘ठाकूर का कुआँ’ ही १९३२ची कथा हिंदीतूनच वाचावी. आजारी नवऱ्यासाठी गंगी रात्री ठाकुराच्या विहिरीवर जाते आणि चाहूल लागताच भांडे टाकून पळते. घरी येऊन पाहते तो नवरा तेच घाणेरडे पाणी पीत आहे. प्रेमचंदांचे दुःख सच्चे आहे. परंतु आम्ही ही कथा संपवून लगेच फळ्यावर ‘२० मार्च १९२७’ असे लिहितो. गंगी रिकाम्या हाती परतली, त्याआधी पाच वर्षे महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांनी ओंजळ भरली होती. कथा आणि इतिहास शेजारी ठेवले की मुलांना दोन्ही नीट दिसू लागतात.

वाचनाच्या क्रमाविषयी थोडे. पाचवी ते सातवीसाठी जातककथा आणि खांडेकरांच्या रूपककथा. आठवी-नववीसाठी ‘झेल्या’, ‘मजल्याचं घर’ आणि चित्त-संभूतांची गोष्ट. दहावीनंतर अण्णा भाऊ, उर्मिला पवार आणि बागुल. बागुलांची ‘आई’ मुलाच्या हाती एकट्याने देऊ नये, त्याच्यासोबत बसून वाचावी. कथा शक्यतो मोठ्याने वाचाव्यात. वीज गेलेल्या आषाढी रात्री कंदिलाच्या उजेडात एकाने वाचावे आणि चाळीस जणांनी ऐकावे, ही रीत आपल्या वसतिगृहात अजून टिकून आहे; ती घरीही चालावी. कोणत्याही कथेच्या शेवटी “यातून काय बोध घ्याल?” असे विचारू नये. मुले बोलतील तेव्हा ऐकावे, न बोलली तर दिवा मालवावा.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. ग्रंथालयातील ‘जेव्हा मी जात चोरली होती’ची आमची प्रत आता इतक्या हातांतून गेली आहे की तिची शेवटची पाने स्वतंत्रपणे सांभाळावी लागतात. ‘सहावं बोट’ची प्रत कोणा एकाने नेली ती परत आलेली नाही; ज्याच्या घरी ती असेल त्याने ती ठेवून घ्यावी, मात्र नवी एक प्रत पाठवावी. वाढदिवसाला, वर्षावासात किंवा पहिल्या पगाराला आपल्या शाळेला कथांचे एक पुस्तक द्यावे. पहिल्या पानावर आपले नाव लिहावे, आडनावासकट आणि गावासकट, ठळक अक्षरांत.

जय भीम! नमो बुद्धाय!